वाटेवरचा खोळंबा आणि गाडीतील पेटी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली आणि पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांनी ती उचलली. अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, वाङ्मय, अध्यात्म अशा मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या पंक्तीत मोटारगाडीच्या डिकीत ठेवावयाच्या एका पेटीला पाट मांडून बसविणे हे काहींना धार्ष्ट्याचे वाटेल. परंतु व्याख्यानमालेचा मोसम आणि प्रवासाचा मोसम एकच आहे, हे विसरून चालणार नाही. मुलांच्या परीक्षा आटोपल्या आहेत. येत्या पंधरा दिवसांत या सभागृहातील निम्मी मंडळी तरी कोणी कोकणात, कोणी महाबळेश्वरी, कोणी कुलदैवताला म्हणून स्वतःच्या गाडीने निघतील. शिदोरी कोणती घ्यावयाची याची चर्चा घरोघर चार दिवस चालेल. पण गाडी वाटेत बंद पडली तर काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो. तोच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

पहिला लांबचा प्रवास आणि पहिला खोळंबा

मोटारीचा इतिहास आणि वाटेवरच्या खोळंब्याचा इतिहास हे जवळजवळ एकाच वयाचे आहेत. कार्ल बेंझ या जर्मन यंत्रज्ञाने आपल्या तीनचाकी गाडीसाठी जानेवारी १८८६ मध्ये पेटंट मागितले. पण गाडी घेऊन दूरवर जाण्याचे धाडस त्याने केले नाही. ते केले त्याच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ, यजमानांना न सांगता, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइम येथे आपल्या माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईने टोपीची लांब टाचणी घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे वेष्टण झिजले. पायमोजा बांधण्याचा पट्टा तिने त्यावर गुंडाळला. इंधन संपत आले, तेव्हा एका औषधविक्याच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रावण विकत घेऊन तेच टाकीत ओतले. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. संध्याकाळी ती माहेरी पोचली.

म्हणजे जगातील पहिली संकटपेटी ही टोपीची टाचणी, मोज्याचा पट्टा आणि जागरूक डोके एवढ्यावरच भागली. आज तसे भागणार नाही. याचे एक कारण असे की आजची गाडी बव्हंशी बंदिस्त झाली आहे. तिच्या पोटातील पुष्कळ बिघाड आपल्याला उघडूनही कळत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बेर्टाबाई रस्त्यात थांबली तेव्हा तिच्या मागून शंभराच्या वेगाने दुसरी मोटार येत नव्हती. कारण दुसरी मोटार जवळजवळ नव्हतीच!

खरा धोका कोठे आहे?

आता आपण विषयाच्या गाभ्याकडे येऊ. गाडी बंद पडणे ही गैरसोय आहे, संकट नव्हे. संकट सुरू होते ते गाडी थांबल्यानंतर. धावत्या रस्त्यावर एक वस्तू स्थिर उभी आहे आणि तिच्या आजूबाजूला माणसे वावरत आहेत, हा खरा धोका.

थोडा हिशेब करू. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ताशी शंभराने येणारी सुमारे २८ मीटर. पुढे काही अडथळा आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सव्वा-दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर गाडी थांबावयास लागणारे अंतर वेगळे. दोन्ही मिळून कोरड्या, चांगल्या रस्त्यावर साठाच्या वेगाला सुमारे पन्नास मीटर आणि शंभराच्या वेगाला शंभराहून काही अधिक मीटर लागतात. रस्ता ओला असेल, गाडी मालाने लादलेली असेल, चालक पेंगुळलेला असेल, तर याहूनही अधिक. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. तेव्हा तुमच्या बंद गाडीची खूण मागून येणाऱ्याला पन्नास ते शंभर मीटर अगोदर मिळाली नाही, तर त्याने कितीही जोराने ब्रेक दाबला तरी उपयोग नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले असे मात्र नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही कोकणातून ताम्हिणी घाटाने परत येत होतो. आई, पत्नी, मुलगा आणि डिकीत आंब्यांच्या पेट्या. दिवस मावळला होता, वळवाची भुरभुर सुरू होती, आणि एका वळणापलीकडे मागचे चाक बसले. स्टेपनी आंब्यांच्या खाली. आम्ही सगळ्यांनी मिळून पेट्या रस्त्यावर उतरविल्या. विजेरी काढली तर आतले सेल फुटून हिरवे झालेले. इशाऱ्याचा तांबडा त्रिकोण गाडीबरोबर मिळाला होता, तो प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट सर्वांत तळाशी. जॅक लावला तर तो ओल्या मातीत रुतू लागला. मी गुडघ्यांवर बसून, पाठ रस्त्याकडे करून, अंधारात नट चाचपडत होतो आणि मुलगा माझ्यामागे मोबाइलचा उजेड धरून उभा होता.

एवढ्यात एक टेम्पो थांबला. त्याच्या क्लीनरने चाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो धावत मागे वळणापलीकडे गेला, करवंदीच्या फांद्या तोडून त्याने रस्त्यावर टाकल्या, चार दगड मांडले, आणि मग येऊन म्हणाला, “आधी मागं बघावं, साहेब. चाक काय कुठं पळून जात नाही.”

आज मला जे सांगावयाचे आहे, ते त्या मुलाने एका वाक्यात सांगितले होते. आपण संकटपेटी भरतो ती गाडी दुरुस्त करण्यासाठी, अशी आपली समजूत असते. तसे नाही. ती पेटी प्रथम माणसांसाठी आहे, गाडीसाठी नंतर. म्हणून तिच्यातील सामानाचा क्रमही तसाच लावावयास हवा : आधी आपण दिसले पाहिजे, मग रस्त्यापासून दूर झाले पाहिजे, मग कोणाला तरी कळविले पाहिजे, आणि जमल्यास, सगळ्यांत शेवटी, गाडी दुरुस्त केली पाहिजे. याच क्रमाने पेटी उघडून पाहू.

दिसणे आणि दूर होणे

गाडी कुरकुरू लागली की ती शक्य तितकी डावीकडे, सरळ रस्त्यावर, वळण आणि चढाचा माथा टाळून थांबवावी. वळणावर थांबण्यापेक्षा बसलेल्या चाकावर पन्नास पावले सावकाश पुढे गेलेले बरे. फार तर टायर फुकट जाईल. मग चारही इशारादिवे लावावेत, हातब्रेक ओढावा. परंतु इशारादिव्यांवरच विसंबून राहू नये. ते गाडीवरच असतात, वळणापलीकडे दिसत नाहीत, आणि बॅटरी उतरली असेल तर मुळीच लागत नाहीत.

म्हणून पेटीतील पहिली वस्तू म्हणजे प्रकाश परतविणारा त्रिकोण. शक्य तर दोन. तो साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे पन्नास मीटरांवर, म्हणजे साधारण सत्तर पावलांवर ठेवावा. वेगाच्या रस्त्यावर याच्या दुप्पट. वळण असेल तर अंतर न मोजता वळणाच्या अलीकडे ठेवावा. ठेवावयास जाताना तो उघडून छातीसमोर धरून, रस्त्याच्या अगदी कडेने जावे. मात्र द्रुतगती मार्गावर कठड्याच्या बाहेरून चालत जाता येत नसेल, तर त्रिकोणाच्या नादी लागू नये. सरळ कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे. खूण मांडताना खूण मांडणाराच जावयाचा, असे व्हावयास नको.

दुसरी वस्तू चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या अंगावर आपण ते नेहमी पाहतो. दोनतीनशे रुपयांची ही वस्तू, पण रात्री काळा सदरा घातलेला मनुष्य आणि हे जाकीट घातलेला मनुष्य यांत जीवनमरणाइतके अंतर आहे. ते डिकीत नव्हे, बसल्या जागी हाताला लागेल असे ठेवावे. कारण ते घालूनच बाहेर उतरावयाचे असते.

तिसरी वस्तू विजेरी. कपाळावर बांधावयाची असेल तर उत्तम. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मुलाला रस्त्यावर उभे करावे लागत नाही. तिचे सेल आत घालून ठेवू नयेत. निराळे गुंडाळून ठेवावेत, म्हणजे माझ्यासारखी फजिती होणार नाही.

आता दूर होण्याविषयी. गाडीतील मंडळींनी रहदारीच्या बाजूने नव्हे, डाव्या दारांनी उतरावे. गाडीच्या मागे किंवा पुढे कोणीही उभे राहू नये. कठड्यापलीकडे, रस्त्यापासून जमेल तितके दूर, आणि ज्या दिशेने वाहने येतात त्या दिशेला गाडीपासून थोडे मागे सरकून थांबावे. कारण धक्का बसला तर गाडी पुढे फेकली जाते. घाटात दरी आणि गाडी यांच्या सापटीत कधीही उभे राहू नये. आणि पावसाळ्यात डोंगराच्या सुटलेल्या दरडीखालीही नको. अशा वेळी वृद्ध आणि मुले अर्धा-एक तास उघड्यावर बसावयाची असतात. म्हणून एक जाड चादर, छत्री, माणशी एक लिटर पाणी, शेंगदाण्याची चिक्की किंवा खाकऱ्यासारखा टिकाऊ खाऊ, आणि क्षारसंजीवनीच्या चारदोन पुड्या पेटीत हव्यात. एप्रिल-मेच्या दुपारी विदर्भातील किंवा मराठवाड्यातील रस्त्यावर गाडी बंद पडली, तर पाण्याची बाटली ही जॅकपेक्षा मोठी वस्तू ठरते.

कळविणे

सर्व प्रकारच्या तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, हे तीन क्रमांक तोंडपाठ असावेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किंवा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग यांसारख्या रस्त्यांचे मदतीचे क्रमांक निराळे असतात. ते रस्त्यात शिरतानाच फलकावर पाहून टिपून घ्यावेत. समृद्धी मार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. अशा रस्त्यावर ‘आम्ही समृद्धीवर आहोत’ असे सांगणे म्हणजे ‘आम्ही महाराष्ट्रात आहोत’ असे सांगण्यासारखेच. म्हणून जाताना किलोमीटरच्या दगडांकडे अधूनमधून लक्ष असू द्यावे, आणि आपण कोणत्या दिशेच्या बाजूस आहोत हेही सांगावे.

एका कागदावर ठळक अक्षरांत हे क्रमांक, विम्याच्या कंपनीचा मदत-क्रमांक, विमापत्राचा क्रमांक, घरच्या दोघांचे दूरध्वनी आणि प्रत्येकाचा रक्तगट लिहून तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. मोबाइल उतरला की त्यातले सगळे क्रमांकही उतरतात, हे आपण विसरतो. घाटात पुष्कळ ठिकाणी मोबाइलला लहर मिळत नाही. तरीही ११२ लावून पाहावे, कारण तातडीचा दूरध्वनी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरूनही जाऊ शकतो. शंभर-शंभराच्या दहा नोटाही त्या कागदामागे ठेवाव्यात. आडगावच्या मेस्त्रीकडे लहर नसेल तर नोटच चालते.

दुरुस्ती : चाक, बॅटरी आणि उष्णता

आता चौथी गोष्ट. सामान्य मनुष्याला रस्त्यावर करता येण्याजोग्या दुरुस्त्या मुख्यतः तीनच : बसलेले चाक, उतरलेली बॅटरी आणि तापलेले इंजिन. याहून अधिक काही असेल तर गाडी टोचन करून न्यावी लागते. स्वयंचलित गिअरच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या तर दोराने ओढण्याऐवजी सपाट ट्रकवर चढवूनच न्याव्यात. आणि विजेच्या गाडीतील नारिंगी रंगाच्या तारांना कोणीही हात लावू नये.

प्रथम चाक. ‘स्टेपनी’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो परका वाटत नाही. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. मोटारीबरोबर जादा चाक देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावरच अडकविता येईल असे एक हवा भरलेले जादा चाक तयार केले, आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या गावच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी येऊन बसले. पण सावधान! २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या मोटारींना आता स्टेपनी देण्याचे बंधन राहिलेले नाही. तेव्हा आपल्या गाडीत ती आहे की नाही हे आज घरी गेल्यावर पाहा. असली तर तिच्यात हवा आहे का, तेही पाहा. मूळ चाकापेक्षा ती बारीक असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. टायरवर कडेला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरसुद्धा म्हातारे होते.

चाक बदलताना चुका होतात त्या दोन. एक, गाडी उचलल्यावर नट सैल करू पाहणे. चाक अधांतरी असताना जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. म्हणून चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा, मग जॅक चढवावा. दुसरी, जॅक मऊ जमिनीवर लावणे. यासाठी पेटीत फूटभर लांबरुंद, जाड फळीचा तुकडा ठेवावा, आणि तिरप्या समोरच्या चाकाला लावण्यासाठी दोन लाकडी पाचरी. काढलेले चाक गाडीखाली सारून ठेवावे. जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर टेकते, हातापायांवर नाही.

नट सुटत नाहीत ही सर्वांचीच तक्रार. येथे तरफेचा शाळेतील धडा उपयोगी पडतो. पाना पाव मीटर लांबीचा असेल आणि नटाला चाळीस किलोचा भार लागत असेल, तर त्याच पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइपचा तुकडा चढवून लांबी अर्धा मीटर केली की वीस किलोत काम होते. म्हणजे हे काम घरातील कोणाही धडधाकट स्त्रीपुरुषाला जमण्यासारखे आहे. नट परत आवळताना मात्र पाइप काढावा, आणि एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. आणि उजव्या बाजूचे चाक बसले असेल, गाडी रस्त्याच्या कडेलाच टेकलेली असेल आणि वाहने सपाट्याने जात असतील, तर चाक बदलूच नये. मदत येईपर्यंत थांबावे.

ट्यूबलेस टायरात खिळा शिरला आणि हवा हळूहळू जात असेल, तर खिळा उपसू नये. तोच बूच म्हणून काम करीत असतो. गाडीच्या विजेवर चालणारा छोटा हवेचा पंप असला, तर हवा भरून पुढचा पंक्चरवाला गाठता येतो. माझ्या मते पेटीतील पैसे वसूल करणारी ही वस्तू आहे.

आता बॅटरी. यासाठी जाड तांब्याच्या दोन तारा, एक तांबडी व एक काळी, आणि दुसरी सुस्थितीतील गाडी लागते. तांबडी तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला लावावे, बॅटरीला नव्हे. असे का? शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन वायू असू शकतो. ठिणगी तेथून जितकी दूर तितकी बरी. मग चांगली गाडी चालू करून चारपाच मिनिटे थांबावे, दुसरी सुरू करावी, आणि तारा उलट क्रमाने काढाव्यात. विजेच्या गाडीकडून अशी उसनवारी मात्र करू नये.

तिसरी गोष्ट उष्णता. चढावर काटा वर गेला, बोनेटमधून वाफ येऊ लागली, की लोक घाईने रेडिएटरचे झाकण उघडतात आणि तोंड भाजून घेतात. याचे कारण स्वयंपाकघरातील कुकरला विचारावे. बंद भांड्यात दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. एक वातावरण अधिक दाब असेल तर सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत ते पाणीच राहते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि त्या तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होऊन ते उसळते. शिटी न काढता कुकर उघडणारी गृहिणी कोणी पाहिली आहे काय? तेव्हा गाडी थांबवून इंजिन बंद करावे, निदान अर्धा तास वाट पाहावी, मग फडक्याने धरून झाकण सावकाश सैल करावे आणि कुलंट किंवा पाणी थोडेथोडे घालावे. यासाठी दोन लिटरचा एक डबा पेटीशेजारी असावा. पेट्रोलचा डबा मात्र कधीही बाळगू नये.

याशिवाय एक किलोचा भुकटीचा अग्निशामक, जाड हातमोजे, दोन-तीन फ्यूज, चिकटपट्टी, जुने फडके, आणि प्रथमोपचारासाठी निर्जंतुक कापडाच्या घड्या, पट्ट्या, कात्री एवढे असले की पेटी पुरी झाली.

एक लहानशी हातोडी राहिली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गाड्यांत अडकून काही माणसे गुदमरून दगावली. पाण्यात विजेवर चालणाऱ्या काचा उतरेनाशा होतात, दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडत नाही. टोकदार हातोडीने बाजूची काच कोपऱ्यात ठोकली तर ती बहुधा चुरा होऊन पडते. पुढची काच दोन पापुद्र्यांची असल्याने फुटून पडत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. आपल्या गाडीत कोणत्या आहेत ते पुस्तिकेत पाहून ठेवावे. ही हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही. ती चालकाच्या हाताशी हवी. आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे इंजिनाचे दांडे वाकतात. अशा वेळी गाडी सोडून माणसांनी उंचावर जावे.

पेटीची निगा

पेटी एकदा भरली की काम संपले, असे समजू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत भट्टीसारखी उष्णता होते. औषधे बिघडतात, चिकटपट्ट्या सुटतात, पाण्याला वास येतो. मोबाइलला वीज देणारी साठवण-बॅटरी तर उन्हात ठेवणे धोक्याचे. ती आणि रोजची औषधे प्रवासाच्या दिवशीच बरोबर घ्यावीत. म्हणून वर्षातून दोनदा तरी पेटी उघडावी. एकदा मृग लागण्यापूर्वी, आणि एकदा खंडेनवमीस. खंडेनवमी हा हत्यारांच्या पूजेचा दिवस. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आपण गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतो. आदल्या दिवशी जॅकला तेल द्यावे, स्टेपनीत हवा भरावी, सेल बदलावेत. यंत्राची याहून खरी पूजा मला ठाऊक नाही. आणि एका रविवारी, अंगणात, उजेडी, घरातील प्रत्येकाकडून एकदा चाक काढवून पुन्हा बसवून घ्यावे. पेटी सामानाच्या तळाशी नव्हे, सामानाच्या वर असावी, हे तर आंब्याच्या पेट्यांनी मला शिकविलेच आहे.

शेवटची वस्तू

ताम्हिणीची गोष्ट मी अर्धीच सांगितली. चाक बसले, टेम्पोवाले निघून गेले. जाताना तो मुलगा म्हणाला होता, “झालं की दगड बाजूला करा.” आम्ही भिजलेलो, थकलेलो, आंबे भरले आणि निघालो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर आईने विचारले, “अरे, ते दगड उचललेस का?”

खरे सांगतो, परत फिरण्याची इच्छा नव्हती. कोणीतरी उचलेल, असे म्हणणार होतो. पण आई गप्प बसली होती, आणि ते गप्प बसणे मला ओळखीचे होते. पुढे रुंद जागा मिळताच गाडी वळविली. त्या वळणाशी आलो तेव्हा फांद्या वाऱ्याने कडेला गेल्या होत्या; दगड मात्र तेथेच होते. पावसाने काळे झालेले, रस्त्याच्या रंगाचे. गाडी दहा पावलांवर येईपर्यंत ते मला दिसले नाहीत. मी ते कोठे आहेत हे जाणून, तेच शोधीत, सावकाश आलो होतो. तरी दिसले नाहीत. एखादा दुचाकीवाला सहज वेगात आला असता तर? आपल्याला वाचविणारे तेच दगड दुसऱ्याच्या जिवावर उठले असते.

म्हणून त्रिकोण हवा. तो दिसतो, घडी घालून परत येतो आणि दगडांची गरजच ठेवीत नाही. आणि म्हणूनच ही पेटी केवळ आपली नव्हे. रस्त्यात दुसरी गाडी अडलेली दिसली, तर सुरक्षित जागी थांबून आपला त्रिकोण, आपली तार, आपले पाणी त्यांच्या कामी यावे. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस-कचेरीचे खेटे घालावे लागतील, ही भीती पूर्वी होती. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर त्या मदतीपायी खटला भरता येत नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा तीही सबब उरलेली नाही.

मंडळी, पेटीत काय काय ठेवावे याची यादी मी दिली. तीतील दहापैकी आठ वस्तू घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील. एकच वस्तू दुकानात मिळत नाही : निघण्यापूर्वी मागे वळून रस्ता मोकळा आहे ना, हे पाहण्याची सवय. ती आपण आपल्या मुलांना लावावी. आपला सर्वांचा सुट्टीचा प्रवास सुखाचा होवो, आणि आपल्या पेट्या न उघडताच घरी परत येवोत, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.